मुलाला सेलिंगला घालायचंय? पैसे भरायच्या आधी एक दिवस जेटीवर जाऊन उभं राहा

पहिल्या दिवशी मी लेकीला जीन्स घालून नेलं होतं. पायात नवेकोरे पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात बारीक चेन तशीच, आणि डब्यात सासूबाईंनी भरून दिलेली साबुदाण्याची खिचडी. सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "ताई, पिकनिकला आलाय का?" आता आमचा तिसरा सीझन चालू आहे आणि बिल्डिंगमधले, ऑफिसमधले, नणंदेच्या ओळखीतले असे बरेच जण विचारत असतात की मुलाला सेलिंगला, म्हणजे शिडाची बोट चालवायला शिकायला, घालायचंय तर काय काय लागतं, प्रत्येकाला फोनवर पाऊण तास सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकते. आम्ही राहतो ठाण्याला, शिकायला जातो मुंबई हार्बरमध्ये म्हणजे गेटवे-कुलाब्याच्या बाजूला, त्यामुळे जे सांगतेय ते तिथलंच, बाकी शहरांचं जाता जाता.

आधी हे समजून घ्या की सेलिंगच्या क्लासात मूल बोटीत एकटं असतं. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं मोठी बोट असेल, त्यात दहा मुलं आणि मध्ये सर. तसं नसतं. ऑप्टिमिस्ट नावाची छोटी बोट असते, सगळे तिला ऑप्टीच म्हणतात, लांबी २.३६ मीटर म्हणजे आपल्या डबल बेडपेक्षा हातभर जास्त, नुसती बोट ३५ किलोची, एकच शीड, एकच मूल. पुढून ती टोकदार नसते, चपटी असते, लांबून बघितलं तर बाथटबला शीड लावल्यासारखी दिसते. त्याची गंमत अशी की १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाच्या बोट बनवणाऱ्याने ती मुलांसाठी स्वस्तात व्हावी म्हणून आठ बाय चारच्या दोन प्लायवूडमध्ये बसवली, आठ फुटांत टोक काढायला जागा कुठून येणार, मग पुढचा भाग आला चपटा. आता फायबरच्या असतात पण आकार तोच. जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुलं हीच बोट चालवतात, आणि ऑलिम्पिकला जाणारे बरेचसे सेलर लहानपणी ह्याच टबात बसलेले असतात.

वय म्हणाल तर आठ ते दहा एकदम बेस्ट. सात वर्षांचीही घेतात काही ठिकाणी, पण काटकुळं मूल असेल तर वारा वाढला की बोट त्याला ऐकत नाही आणि मग ते घाबरतं. बारा-तेराव्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही, फक्त ऑप्टीत दोनच वर्षं मिळतात, मग पुढच्या बोटीत जायचं. आपल्या नेत्रा कुमाननने चेन्नईला २००९ च्या समर कॅम्पमध्ये सुरुवात केली तेव्हा ती साधारण बारा वर्षांची होती, आणि ऑलिम्पिकसाठी क्वालिफाय झालेली पहिली भारतीय महिला सेलर तीच. हे मी मुलांना सांगत नाही हं, आयांना सांगते, कारण "उशीर झाला का" हा प्रश्न मुलं कधीच विचारत नाहीत.

पोहणं. इथे कुणी काही सांगितलं तरी तडजोड करू नका. बरेच जण म्हणतात की लाइफ जॅकेट असतं, पोहता नाही आलं तरी चालतं. तरंगायला चालतं हो, शिकायला चालत नाही. ज्या मुलाला पाण्यात पडायची भीती आहे ते बोट आडवी होऊ नये ह्याच एका काळजीत दोन्ही हातांनी काठ धरून बसतं, सुकाणू कोण बघणार मग. साधारण ५० मीटर कुठल्याही स्टाइलने न थांबता आणि दोन-तीन मिनिटं एका जागी तरंगता आलं की पुरे. पण एक करा, स्विमिंग पूलमध्ये दोन-तीनदा टी-शर्ट आणि हाफ पँट घालून पोहायला लावा. आमच्या सोसायटीच्या पूलवाल्याने आधी परवानगीच दिली नाही, कॉश्च्युम कंपल्सरी म्हणे, शेवटी सेक्रेटरींना चहाला बोलवावं लागलं. पण त्याचा फायदा झाला. कपडे भिजले की अंगाला कसे ओढतात हे मुलाला आधीच कळलेलं बरं. आणि दुसरं म्हणजे पूलमध्ये तळ दिसतो, हार्बरचं पाणी चहासारखं असतं, स्वतःचा पाय दिसत नाही. काही मुलं उत्तम पोहतात पण त्या पाण्यात उतरल्यावर गप्प होतात. त्यांना एकदा आधी काशिद किंवा आवास-किहीमच्या समुद्रात कमरेभर पाण्यात खेळवून आणा, तुम्ही सोबत उभं राहून अर्थात.

आता कुठे घालायचं. मुंबईत सेलिंग क्लब आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ पासूनचा आहे, शिवाय प्रायव्हेट सेलिंग स्कूल आहेत, आर्मी आणि नेव्हीची स्वतःची सेंटर आहेत. क्लबांत बऱ्याचदा मेंबरच्या मुलांना आधी घेतात, बाहेरच्यांसाठी सुट्टीत कॅम्प असतात, तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा की नॉन-मेंबरला चालतं का आणि कॅम्प संपल्यावर पुढे काय, कारण बऱ्याच जणांचं होतं काय, मे महिन्यात दहा दिवसांचा कॅम्प करतात, मूल खूश, आणि मग कळतं की पुढे रेग्युलर यायला मेंबरशिप लागते. डिफेन्स एरियात असेल तर गेटवर आयडी, पास वगैरे भानगड असते, आधार कार्ड घरी विसरलात तर थेट परत. पैशांचा प्रश्न असेल तर सी कॅडेट कोअर बघा, म्हणजे मुलांना नौदलासारखं शिक्षण देणारी संस्था, कुलाब्याला टीएस जवाहर ह्या त्यांच्या ट्रेनिंग सेंटरवर परेड असते रविवारी, तिथे नुसतं सेलिंग नाही, परेड, गाठी, वल्हवणं, शिस्त सगळंच असतं, पण मुलाला पाण्याची आवड आहे का हे बघायला ह्याच्यापेक्षा स्वस्त रस्ता मला तरी सापडला नाही. शाळेत नेव्हल एनसीसी असेल तर तोही एक दरवाजा आहे. मुंबईबाहेर हैदराबादला हुसेनसागरवर आणि भोपाळला मोठ्या तलावावर जोरात काम चालतं, भोपाळला तर नॅशनल सेलिंग स्कूलच आहे, चेन्नईला तामिळनाडू सेलिंग असोसिएशन, गोव्यात दोना पावलाकडे गोवा यॉटिंग असोसिएशन. तलावावर शिकलेली मुलं भरती-ओहोटीला बिचकतात आणि समुद्रावर शिकलेली तलावातल्या फिरत्या वाऱ्याला, एवढाच फरक, शिकतात दोघंही.

सीझन आपल्याकडे ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हार्बरमध्ये मुलांचं सेलिंग बंद, मांडव्याच्या लाँचसुद्धा बंद असतात तर हे काय चालू राहणार. त्यामुळे जूनमध्ये उत्साहाने फोन करू नका, मी केला होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकशी करा, ऑक्टोबरमध्ये सुरू करा. सगळे मे महिन्याच्या कॅम्पला पळतात, पण मला विचाराल तर मे महिना नवशिक्यासाठी सगळ्यात वाईट, एकतर ऊन मरणाचं, त्यात दुपारनंतर वारा असा उठतो की आठ वर्षांचं मूल दमून जातं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मंद वारा, दुपारी हळूहळू खारा वारा सुरू होतो, भूगोलात शिकलो होतो ना आपण खारे वारे आणि मतलई वारे, परीक्षा झाल्यावर जे विसरलो ते इथे रोज दिसतं. सुरुवातीला पाच ते दहा नॉटचा वारा छान, म्हणजे ताशी साधारण नऊ ते अठरा किलोमीटर. पंधराच्या वर गेला की नवीन मुलांना उतरवत नाहीत, उतरवत असतील तर तो क्लास बदला.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला घेतलं ते. फी भरायच्या आधी, फॉर्म भरायच्या आधी, मुलाला काही सांगायच्याही आधी, एक दिवस एकट्याने जाऊन त्यांचा चालू क्लास जेटीवरून बघा. पूर्ण बघा, बोटी उतरवण्यापासून परत येईपर्यंत. माहितीपत्रकात सगळे सेम दिसतात, सगळीकडे हसरी मुलं आणि पांढरी शिडं. जेटीवर दोन तास उभं राहिलं की आपोआप कळतं.

काय बघायचं? सगळ्यात आधी रेस्क्यू बोट. पाण्यात मुलं असेपर्यंत ती पाण्यातच असली पाहिजे, माणसासकट, इंजिनासकट. मी एका ठिकाणी गेले होते, नाव नाही सांगत, तिथे चौदा मुलं पाण्यात आणि रेस्क्यू बोट एकच, तीही काठाला बांधलेली, आणि एक बोट उलटून गरज पडली तेव्हा रेस्क्यू बोटीवरचा मुलगा इंजिनाची दोरी ओढतोय, ओढतोय, ओढतोय, इंजिन खोकतंय आणि गप्प. मी मनात मोजलं, चार मिनिटं गेली. मूल काही बुडालं नाही, जॅकेट घालून बोटीला धरून बसलं होतं शांतपणे, पण मी तिथूनच रिक्षा, सॉरी टॅक्सी, पकडली आणि घरी. एका शिकवणाऱ्याच्या वाट्याला सहापेक्षा जास्त बोटी नकोत, आणि इंजिनवाली बोट चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला एक लाल गुंडाळलेली दोरी बांधलेली दिसली पाहिजे, किल कॉर्ड म्हणतात तिला, माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल गोल फिरत मुलांच्या अंगावर येऊ शकते. ती दोरी जो रोज न विसरता बांधतो तो बाकीचंही नीट करत असणार असा माझा आपला एक हिशोब.

मग जॅकेट बघा. टूरिस्ट लाँचवर असतात तसली भगवी, बक्कल तुटलेली, सुतळीने बांधलेली जॅकेटं असतील तर नको. सेलिंगला बॉयन्सी एड लागतं, आखूड, अंगासरशी बसणारं, आत ५० एन (न्यूटन, म्हणजे तरंगवायची ताकद) असं लेबल आणि किती किलोपर्यंत चालतं ते छापलेलं असतं. घालून झालं की मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून वर उचलायचं, ते कानापर्यंत सरकून आलं तर मोठं आहे. "वाढत्या अंगाचं" घ्यायची आपली सवय इथे अजिबात चालणार नाही. शिट्टी बांधलेली हवी. आमच्याकडे पहिले दोन आठवडे घरी सगळ्यांचे कान गेले त्या शिट्टीने, पण असू दे.

तिसरं म्हणजे कॅप्साइज ड्रिल, म्हणजे बोट मुद्दाम उलटवून परत सरळ करायला शिकवणं. पहिल्या दोन दिवसांत हे करून घेतात का ते स्पष्ट विचारा. "आमच्याकडे बोटी उलटत नाहीत" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा, उलटत नाही ती सेलिंगची बोट नव्हेच. ड्रिल असं असतं: काठाजवळ मूल बोटीत बसतं, सर बोट आडवी करतात, मूल पाण्यात. पहिला नियम, बोट सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही, कारण पाण्यात एकटं डोकं नारळाएवढं दिसतं, पांढरी बोट लांबून दिसते. मग बोटीला धरून धरून तळाच्या बाजूला जायचं, तिथून डॅगरबोर्ड बाहेर आलेला असतो, म्हणजे बोटीच्या मध्यातून खाली पाण्यात जाणारी फळी, ती दोन्ही हातांनी धरून अंग मागे टाकून लोंबकळायचं. बोट सावकाश उठते. शीड पाण्यातून निघताना च्वाssक असा आवाज येतो आणि मग एकदम झटक्यात सरळ. आत काठोकाठ पाणी, पण बुडत नाही कारण आत हवा भरलेल्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात. मूल कडेवरून आत चढतं, आणि मग उपसा. बेलर म्हणून काय असतं माहितीये का, पाच लिटर तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन तिरका कापलेला, मूठ तशीच, दोरीने बोटीला बांधलेला. आमच्याकडे तेव्हापासून शेंगदाणा तेलाचा कॅन टाकत नाहीत.

माझी लेक पहिल्यांदा वर आली ती रडतच आली. मला वाटलं घाबरली. मी काठावर, सर पाण्यात, दोघंही विचारतोय "काय झालं, लागलं का?" तर म्हणे, "माझी बाटली गेली!" नवीन बाटली होती, निळी, तिच्या वाढदिवसाची, बांधली नव्हती, ती आपली एलिफंटाच्या दिशेने निघाली. रेस्क्यू बोटीवरचे मामा, ते आधी मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, मुलं सगळी त्यांना मामाच म्हणतात, ते गेले आणि बाटली घेऊन आले, आणि तिला म्हणाले, "बाय, बोटीत जे बांधलं नाही ते आपलं नाही." त्या दिवसापासून घरात पेन्सिलीला पण दोरी आहे.

कागदपत्रं फार नसतात. जन्मदाखला किंवा आधार, दोन फोटो, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, काही ठिकाणी पोहता येतं म्हणून पूलचं सर्टिफिकेट, आणि इंडेम्निटी फॉर्म, म्हणजे काही झालं तर जबाबदारी तुमची असं लिहिलेला कागद. तो वाचून बऱ्याच आयांचे हात थरथरतात, माझेही थरथरले. पण तो सगळीकडेच असतो, ट्रेकला पण असतो. सही करा पण वाचून करा, इन्शुरन्स आहे का विचारा, आणि मुलाला दमा, फिट, कानाचं ऑपरेशन, काही म्हणजे काहीही असेल तर लपवू नका. "सांगितलं तर घेणार नाहीत" म्हणून लपवणारे पालक मी पाहिलेत. दम्याचा पंप झिपच्या पिशवीत घालून रेस्क्यू बोटीवर मामांकडे ठेवता येतो, एवढं सोपं असतं, फक्त त्यांना माहीत पाहिजे. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू दे, का ते पुढे सांगते.

कपडे. जीन्स नको, कॉटन नको, दोन्ही भिजून जड होतात आणि वाऱ्याला थंडगार लागतात. पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत पटकन वाळणारी पँट. टोपीला दोरी आणि क्लिप. चष्मा असेल तर मागे रबरी पट्टा. केस घट्ट बांधलेले, वेणी जॅकेटच्या आत. कानातलं-गळ्यातलं घरी. सनस्क्रीन निघायच्या अर्धा तास आधी घरूनच, कारण पाण्यावरून ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकाच्या आत काळं पडलेलं मूल मी इथेच पहिल्यांदा बघितलं. पायात क्रॉक्स आणि स्लिपर नको, तरंगत जातात. जुने पट्टेवाले बूट किंवा पाण्यातले रबरी बूट पाहिजेतच, अनवाणी अजिबात नाही, कारण ओहोटीला जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यावर हिरवं शेवाळ आणि त्याखाली कालवं. खायची ती हो. त्याची धार ब्लेडसारखी असते, माझ्या स्वतःच्या तळव्याला तीन टाके पडलेत तिथे, मूल उतरत होतं आणि मी टाटा करत होते. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यासाठी.

खायला खिचडी नको, जड होतं आणि हलत्या पाण्यात मग वर येतं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. पाणी भरपूर, बाटलीला दोरी. आत्ता कळलं असेल का.

क्लासात भाषा मिक्स असते, इंग्लिश-हिंदी-मराठी, पण बोटीचे शब्द सगळे इंग्लिश. शीडला सेल, सुकाणूच्या दांड्याला टिलर, शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला बूम, आणि तो बूम डोक्याला लागला की त्याला बूम का म्हणतात ते आपोआप पाठ होतं. सगळ्यात गोंधळ शीटचा. मेनशीट म्हणजे कापड नाही, शीड ओढायची-सोडायची दोरी. पहिल्या दिवशी सर ओरडतायत "शीट सोड, शीट सोड" आणि पोरगी शिडाकडे बघतेय की हे कसं सोडू. हे घरीच सांगून ठेवा. टिलर उलटा चालतो हेही, दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे. घरी सराव करायचा असेल तर मुलाला पलंगाच्या कडेला बसवा, हातात केरसुणीचा नाही, मॉपचा दांडा द्या, दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी, आणि "टॅक" (म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून बोट दुसऱ्या बाजूला वळवणं) म्हटलं की वाकून पलीकडे जाऊन बसायचं, हात बदलायचे. बघायला वेडेपणा वाटतो, आमच्या बाई भांडी घासायच्या थांबून बघत बसायच्या, पण उपयोग होतो. फिगर ऑफ एट आणि बोलाइन ह्या दोन गाठी पलंगाच्या पायाला बांधून होतात शिकून.

वारा कुठून येतोय हे सांगता येणं म्हणजे अर्धं सेलिंग. गच्चीवर किंवा खिडकीत उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघायचं, आणि वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून, जातो त्यावरून नाही. सरळ वाऱ्याच्या तोंडात बोट जात नाही, दोन्ही बाजूला साधारण ४५ अंश सोडून तिरकं तिरकं नागमोडी जावं लागतं. हे मुलाला कागदावर समजत नाही, पाण्यावर तिसऱ्या दिवशी एकदम समजतं आणि मग आपल्याला समजावून सांगतं.

भरती-ओहोटीचं मात्र पालकांनी शिकून घ्या, क्लासची वेळ त्यावर बदलते आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज लवकर का?" असे पन्नास मेसेज येतात. टाइड टेबल मोबाइलवर मिळतंच. पण माझे सासरे हर्णैकडचे, त्यांनी मला तिथीचा हिशोब शिकवला: तिथीला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. मी टेबलाशी ताडून बघितलं, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण कॅलेंडरवर नजर टाकून कामचलाऊ उत्तर मिळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि तेवढंच जोरात उतरतं, हार्बरमधून बाहेर समुद्राकडे ओढ लागते. अशा दिवशी दुपारी तीनला बोटी उतरवल्या तर पूर्ण क्लास उतरत्या पाण्यात, आणि वारा पडला तर ऑप्टी जागची पुढे जात नाही, उलट मागे जाते, मग मामा सगळ्या बोटी एकामागे एक दोरीला बांधून बदकांच्या पिल्लांसारख्या ओढून आणतात. मुलांना तेच सगळ्यात आवडतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी शांत, नवीन मुलाचा पहिला दिवस शक्यतो तेव्हा टाका, सर नाही म्हणत नाहीत.

खर्चाचे आकडे देत नाही, दर सीझनला बदलतात, पण विचारताना तुकडे पाडून विचारा: कॅम्प फी वेगळी, मेंबरशिप वेगळी, बोटीचं भाडं फीमध्ये आहे का, बोटीचं काही तुटलं तर कोण भरणार, सर्टिफिकेटचे वेगळे पैसे आहेत का. काही ठिकाणी ब्रिटनच्या आरवायएचा, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनचा, सिलॅबस असतो, त्यात मुलांच्या चार स्टेज असतात, दुसऱ्या स्टेजपर्यंत मूल बऱ्यापैकी स्वतःहून जाऊन येतं. बोट विकत घेऊ नका. पुन्हा सांगते, निदान पहिली दोन वर्षं नाही. नवी रेसिंगची ऑप्टी लाखांत जाते, आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की तिचा उपयोग संपतो, मग आयएलसीए फोर, म्हणजे आधी जिला लेझर ४.७ म्हणायचे ती, नाहीतर दोघांची ४२० किंवा २९ईआर. जॅकेट मात्र स्वतःचं घ्या, आणि पुढे रेसिंग करायचं ठरलं तर हातमोजे. नॅशनलला उतरायचं असेल तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, ते क्लब करून देतो, पहिल्या वर्षी त्याचा विचारही करू नका.

क्लास चालू असताना काठावरून सूचना देऊ नका. एक बाबा होते आमच्या बॅचला, रोज हाताचा कर्णा करून ओरडायचे, "उजवीकडे घे! अरे उजवीकडे!" एकतर वाऱ्यावर ऐकू जात नाही, आणि गेलं तरी मुलाची उजवी आणि आपली उजवी वेगळी, ते तोंड आपल्याकडे करून येत असतं. तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांना एका रिकाम्या ऑप्टीत बसवून दोरीने काठाजवळ फिरवलं. गुडघे हनुवटीला लागले त्यांचे. त्यानंतर ते चहा प्यायला जायला लागले. मी पण जाते. सुरुवातीला वाटतं नजर हटली तर काहीतरी होईल, मग बारा पांढऱ्या शिडांत आपलं कुठलं ते ओळखेनासं होतं आणि आपण मुकाट्याने भज्यांच्या गाडीकडे वळतो.

येण्याजाण्याचं. क्लास बहुतेक शनिवार-रविवार, आणि रविवारी सेंट्रलवाल्यांना मेगाब्लॉक सांगायला नको. शनिवारी संध्याकाळीच कुठून कुठे ब्लॉक आहे बघून ठेवा, आम्ही ब्लॉकच्या दिवशी एक तास आधी निघतो. सीएसएमटीवरून बस किंवा शेअर टॅक्सी. येताना ओल्या मुलाला कुणी टॅक्सीत घेत नाही, म्हणून तिथेच गोड्या पाण्याने अंघोळ घालायची, शॉवर नसेल तर घरून पाच लिटरचा कॅन, तोच तेलाचा. कानात गोडं पाणी, कोरडा टॉवेल, कोरडे कपडे, आणि हातापायाला कुठे खरचटलंय का ते उजेडात नीट बघा, मुलं सांगत नाहीत, खारं पाणी लागलेली जखम चिघळते. जॅकेट साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, कापड विरतं. गाडीत बसल्यावर भायखळ्याच्या आत मूल झोपतं, त्याचं डोकं धरायला एक हात मोकळा ठेवा. आणि बॅगेतली ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री उघडा, आम्ही पहिल्यांदा मंगळवारी उघडली होती.